लेन्सच्या अलीकडे बसलेले भाऊ

भाऊ, आज पुन्हा पहाटेच जाग आली. उठले, कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली, बाटलीत पाणी भरलं, बूट घातले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. कुठे जायचं ते ठरेना. मेहरूण तलावावर गेलं तर फिरायला आलेली ओळखीची माणसं भेटणार आणि तुमच्याबद्दल विचारणार. हतनूर धरणाच्या पाण्याकडे गेलं तर कोणीच काही विचारणार नाही, ते त्याहून वाईट. शेवटी बूट काढले, चहा केला, खुर्चीत बसले, चहा निम्मा टाकला आणि पुन्हा बूट घातले. तुम्ही गेल्यापासून माझं हे असंच चाललंय. घरातल्यांना वाटतं मला डॉक्टरकडे न्यायला हवं. मला वाटतं कोणीतरी मला दटावायला हवं, "मॅडम, आधी एका जागी बसा, मग पक्षी." ते काम तुमचं होतं.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात होते. फळ्यावर अर्धं गणित लिहून झालं होतं. "हे गेले," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे?"

तो प्रश्न आठवला की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण तुमच्या बाबतीत मला दुसरं काय सुचणार होतं? तुम्ही सदानकदा कुठेतरी गेलेलेच असायचात. सकाळचा चहा संपवून, कप नीट बशीत ठेवून गेलात म्हणे. कपाची गोष्ट वहिनींनी मला दोनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी तुमचा मुलगा म्हणाला, "ताई, बाबांचा एखादा चांगला फोटो द्या ना, मोठा करून लावायचाय. तुमच्याकडे ढिगाने असतील." मीही म्हटलं, देते ना, त्यात काय. घरी येऊन कॉम्प्युटर लावला आणि शोधत बसले. हतनूर, नशिराबादचा माळ, धुळ्याचा नकाणे तलाव, दोंडाईचा. एकेका पक्ष्याचे शंभर शंभर फोटो. पिसांतली कीडसुद्धा मोजता येईल असे. आणि तुम्ही? एका फोटोत तुमची टोपी. एकात कोपर. एकात नुसतं बोट, चित्राच्या कडेला, पलीकडच्या खंड्याकडे दाखवणारं. दोन-चार पाठमोरे, दुर्बीण डोळ्याला लावलेले. तोंड एकातही नाही. पुन्हा सगळे पाहिले. नाहीच.

मुलाला तसं सांगितलं. वहिनी तिथेच बसल्या होत्या. रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं बरोबर हिंडलात आणि तोंड नाही?" शेवटी तुमच्या रेल्वेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात तुम्ही एखाद्या चोरासारखे दिसता, आणि टोपी नाही म्हणून ओळखूही येत नाही.

कारण साधं आहे, पण ते वहिनींना सांगायला मला लाज वाटली. माझी ती लांबलचक लेन्स जवळचं पकडतच नाही. समोरचं माणूस चार-पाच पावलं लांब हवं, नाहीतर सगळं धूसर. तुम्ही तर कायम माझ्या कोपराला कोपर लावून बसलेले. मोबाइल बंद करून बॅगेच्या तळाशी टाकायचा, हा नियमही तुमचाच. आपण दोघं पलीकडे पाहत राहिलो आणि तुम्ही माझ्या लेन्सच्या अलीकडे बसून राहिलात.

आपली पहिली भेट आठवते ना? तुम्हाला तर आठवायचीच, येईल त्याला सांगत सुटला होता. लेक शिकायला पुण्याला गेली, घर खायला उठलं, म्हणून मी कॅमेरा घेतला आणि हतनूरच्या पाण्यावर आले. भगवी ओढणी पांघरून. तुम्ही मागून आलात आणि ओळख ना पाळख, म्हणालात, "मॅडम, ती ओढणी पिशवीत घाला. ती पाहून बदकं परत हिमालयाकडे निघालीत." मला राग आला. त्या रागातच मी दूर चिखलात दिसणाऱ्या एका पांढऱ्या पक्ष्याच्या मागे लागले. पोटावर सरकत, कपड्यांची वाट लावत, श्वास धरून जवळ गेले, आणि ती निघाली थर्माकोलची पत्रावळ. कोणाच्या तरी जेवणावळीतली. मागे वळून पाहिलं तर तुम्ही बांधावर शांत बसलेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर सरपटायला शिकला असता का?"

भाऊ, त्या दिवशीच मला कळायला हवं होतं की हा माणूस गोष्टी माहीत असून पोटात ठेवतो.

तुम्ही रेल्वेतले गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने नोकरी काढलेले. पक्षी तुम्ही तिथेच शिकलात, पुस्तकाविना, त्या जुन्या दुर्बिणीविनाही. तुम्ही म्हणायचात, "ड्रायव्हरला उडून जाणारे पक्षी दिसतात. गार्डाला परत येऊन बसणारे." गाडी धडधडत जाते, तारेवरचे वेडे राघू, कोतवाल, नीलपंख भर्रकन उठतात, आणि शेवटचा डबा पुढे सरकला की एकेक करत पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतात. तुम्ही ते वर्षानुवर्षं पाहत आलात, म्हणून तुम्हाला कधीच घाई नव्हती. मी मात्र पक्षी उडाला की हळहळत बसायची. "थांबा ना," तुम्ही म्हणायचात, "जरा मागे सरा. आपण मागे सरलो की तो पुढे येतो." आणि यायचा. नशिराबादच्या माळावर तुम्ही मला धाविक दाखवला, तेव्हा तर मला कितीतरी वेळ काहीच दिसत नव्हतं. मुरमाच्या रंगाचा पक्षी मुरमावर. "पाहत राहा," तुम्ही कुजबुजलात, "मातीचा एक तुकडा चालायला लागेल." आणि खरंच लागला. तुरूतुरू धावला, थांबला, मान उंचावून आपल्याकडे पाहिलं. मला रडू आलं होतं. तुम्ही पाहिलं नाही असं दाखवलंत. लेक पुण्याला गेल्यापासून पहिल्यांदाच मला माझ्याबाहेरचं काहीतरी इतकं आवडलं होतं, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आज सांगते.

फोटो काढून झाला की मी कॅमेऱ्याचा पडदा तुमच्यापुढे धरायची. तुम्ही मान फिरवायचात. "ते डबीतलं नंतर. आधी खरं पाहून घ्या, ते चाललं." कधी म्हणजे कधी पाहिलं नाहीत. माझा केवढा अपमान व्हायचा.

आणि मग ती दरड. दोंडाईच्याच्या पुढे, नाल्याने कापलेली उभी मातीची भिंत, वर बाभळी, मधोमध कोनाड्यासारखा खड्डा, आणि त्यात शृंगी घुबडाची जोडी. तिथे आपण मावळतीच्या वेळी पहिल्यांदा तो आवाज ऐकला, खोल, घुमणारा, आणि मग डोक्यावर दोन शिंगं उभारलेला तो एवढा मोठा पक्षी कड्याच्या टोकावर येऊन बसला आणि नारिंगी डोळ्यांनी थेट आपल्याकडे पाहू लागला. तुम्ही माझा दंड इतका जोरात धरलात की दुसऱ्या दिवशी वळ होता. त्यानंतर गेले तीन हिवाळे आपण जात राहिलो. तुम्ही भुसावळला गाडीत बसायचात, मी जळगावला चढायची, शेवटच्या डब्यात, आणि परतीच्या वाटेवर दर वेळी तेच भांडण.

तुमचं म्हणणं, गावाला सांगू. माझं म्हणणं, कोणालाही सांगायचं नाही. जळगावजवळच्या पिंगळ्याच्या ढोलीचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने ग्रुपवर टाकलं, पुढच्या रविवारी झाडाखाली कॅमेऱ्यांची रांग. फोटो स्वच्छ यावा म्हणून फांद्या छाटल्या. पिल्लं उघडी पडली आणि पिंगळे गेले ते गेलेच. फांद्या छाटणारे कोणी दुष्ट नव्हते. माझ्यासारखेच हौशी होते, तेच मला जास्त लागलं.

"ते कॅमेरेवाले," तुम्ही म्हणायचात. "मी गावाचं बोलतोय. ज्याच्या बांधाला ते घर करून राहतं, त्यालाच ठाऊक नको?"

"घुबड म्हटलं की लोक दगड मारतात, भाऊ."

"ठाऊक नाही म्हणून मारतात."

"सांगितलं की संपलं. मला शब्द द्या."

तुम्ही खिडकीबाहेर पाहून म्हणालात, "तो बघा नीलपंख." मी बघितलं. शब्द राहिला. तुम्ही गप्प बसलात, म्हणजे माझं पटलं, असं मी धरून चालले. पुढच्या फेरीला तेच भांडण पुन्हा, आणि पुन्हा कुठलातरी नीलपंख.

मला राग येण्यासारखी तिथे अजून एक गोष्ट होती. बाभळीमागे बसून झालं, मावळतीला अजून अवकाश असला, की तुम्ही बाटली घेऊन शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर पाणी आणायला जायचात आणि तासन्‌तास यायचा नाहीत. मी हिरव्या कपड्यांत घामाघूम होऊन बसलेली, मान आखडलेली. आल्यावर विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "पानी खोल शे, मॅडम." तुमच्या मुलखात उतरलं की तुमची जीभ अहिराणीकडे घसरायची आणि मग तुमच्याशी भांडणं अवघड व्हायचं.

एकदा तापीकाठी आपण शराटींचा थवा पाहत होतो आणि पलीकडे एक कुटुंब दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत उभं होतं. कावळा काही शिवेना. मंडळी एकेक करून सांगत होती, मुलीचं लग्न करू, धाकट्याला सांभाळू, शेत विकणार नाही. तुम्ही दुर्बीण खाली घेतलीत. मला म्हणालात, "तुमच्यात बरं आहे, मॅडम. काय राहिलं ते कावळा येऊन सांगतो. आमच्या बौद्धांत कावळ्याची सोय नाही. जे विचारायचं ते माणसाने जिवंतपणीच विचारून घ्यायचं." मी हसले. तुम्हीही हसलात. आणि मी काहीच विचारलं नाही, भाऊ. तो माणूस माझ्या कोपराला कोपर लावून बसला होता आणि मी शराटी मोजत होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या घरी त्रिशरण-पंचशील झालं, लोक दोन दोन शब्द बोलले. मला बोलता आलं नाही. जेवणं चालू असताना आपल्या पक्षी पाहणाऱ्यांच्या ग्रुपमधला धुळ्याचा एकजण सहज म्हणाला की दोंडाईच्याकडे रस्त्याच्या भरावासाठी नाल्यांच्या काठची माती उचलतायत, जेसीबी लागलेत, त्या बाजूच्या चंडोलांची आता काही खैर नाही. मी ताट खाली ठेवलं. तो चंडोलांचं बोलत होता. दरडीचं त्याला माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. आपण दोघांनीच ठेवलेलं गुपित, आणि त्यातला एक तिथे हार घालून भिंतीवर.

काय करायचं होतं मी? ग्रुपला सांगितलं तर पुढच्या रविवारी कॅमेऱ्यांची रांग. नाही सांगितलं तर जेसीबीवाल्याला ती मातीची एक भिंत, बाकी काय. पिल्लं असण्याचे दिवस. माझ्याच हट्टाने ते घर असं निराधार पडलं होतं, आणि तुम्ही बरोबर होता की मी, हे विचारायला आता कोणी नव्हतं. निघताना वहिनींनी तुमची दुर्बीण माझ्या हातात ठेवली. "घरात ही पाहवत नाही," म्हणाल्या. तीच, उजव्या नळीत बुरशी चढलेली. तुम्ही एक डोळा मिटूनच आयुष्यभर पाहिलंत, दुरुस्त करून आणली नाहीत.

रविवारी गाडीत बसले. सवयीने शेवटच्या डब्यात चढले आणि सवयीनेच त्या बाकाकडे पाहिलं. तिथे मेथीच्या जुड्यांचं गाठोडं होतं आणि एक बाई त्यावर हात ठेवून झोपलेली. मी दारापाशीच उभी राहिले. अमळनेर गेलं, शिंदखेडा गेलं. बसवेना. दोंडाईच्याला उतरले आणि वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिखट वास नाकात शिरून शिंक आली. तुम्ही म्हणायचात, शिंक आली म्हणजे पोचलो. या वेळी शिंकेबरोबर डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. मी मिरचीला नावं ठेवत पुढे गेले.

गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या बांधाबांधाने नाल्यापाशी आले तर जमिनीवर जेसीबीच्या चाकांचे ताजे पट्टे. नाल्याचा अलीकडचा काठ खरवडून नेलेला, जणू कोणी भाकरीचा कडेचा तुकडा मोडून घ्यावा. मी पट्ट्यांच्या मागोमाग जवळजवळ पळतच गेले. वळण घेतलं आणि थांबले.

खणलेली जागा मध्येच संपली होती. दरडीच्या बरीच अलीकडे. तिथे बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या रचलेल्या होत्या आणि त्या फांद्यांमागे, उन्हात, एक खाट टाकलेली होती. खाटेवर घोंगडी. मला काही उमगेना. मी तशीच उभी असताना मळ्याकडून आवाज आला.

"कोन शे ते? माटी नेवाले उनात का पुन्हा?"

माती न्यायला पुन्हा कोणी आलं असं समजून, नऊवारीचा काष्टा घातलेली, वयस्कर, पण ताठ बाई विळा हातात घेऊन येत होती. जवळ आली, माझ्याकडे, बॅगेकडे, हिरव्या कपड्यांकडे पाहिलं आणि विळा खाली घेतला.

"मॅडम शेत का तुम्ही? मग भाऊ कोठे शेत? पानी लेवाले नही उनात त्या?"

भाऊ, तुम्ही गेलात हे तोवर मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं गेलं होतं, सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, त्यामुळे ते वाक्य माझ्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. ते पहिल्यांदा तिथे निघालं, एका अनोळखी बाईपुढे. "भाऊ गेले, अक्का," मी म्हटलं. अक्का त्या खाटेवर बसली. मलाही हाताला धरून बसवलं. अनेक दिवसांनी मी एका जागी बसले होते.

मग अक्का बोलायला लागली.

"पहिल्या सालेच भाऊनी सांगेल व्हतं माले. हाई दरडमा घुबड शे, भ्यानं नही, उंदीर खास तो, तुमना हरभरानी राखन करस. मी गावमा सांगं. बठ्ठा गावले ठाऊक शे."

"सगळ्या गावाला?"

"हां. पन भाऊ म्हनेत, मॅडमले सांगू नका, त्या रागे भरतीन. मग आम्ही नही सांगं. तुम्ही उनात का आम्ही पोरेसले सांगूत, तिकडे जाऊ नका रे, मॅडमना फोटो हालस."

आता माझी अवस्था काय झाली असेल ते तुम्ही ओळखा. तीन हिवाळे मी त्या बाभळीमागे श्वास रोखून, अंगाला पाला बांधून, जगापासून लपून बसले होते, आणि अख्खं गाव आपापल्या बांधावरून मला पाहत होतं, माझा लपंडाव मोडू नये म्हणून पोरांना गप्प करत होतं. आणि तुम्ही विहिरीवर बसून अक्काकडचा चहा पीत होता. पानी खोल शे म्हणे. खोटारडे. मी हसायला लागले, हसता हसता हमसून रडायला लागले, आणि अक्का घाबरून माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. राग अजून आहे, सांगून ठेवते. तुम्ही माझं ऐकलं नाहीत, वर मला कळूही दिलं नाहीत, आणि तुमचंच खरं निघालं. यातलं कशाकशाबद्दल भांडू आणि कोणाशी?

जेसीबी आला तेव्हा अक्काने आधी तोंडाने सांगितलं, मग फांद्या टाकल्या, मग खाट आणून बसली. "मी म्हन्तं, माटी तिकडनी ले. हाई माटीमा भाऊनं घुबड शे." शेत तिचं, त्यामुळे त्यांना मागे फिरावं लागलं. पण पुन्हा येतील, तिला माहीत आहे. तिचा मुलगा म्हणतो, विकून टाक, घुबडासाठी कोणी माती अडवतं का. "मी शे तवलग बसस," ती म्हणाली. "मन्हामांगे कोन बसी? पोरेसले नुसतं कानवर शे, डोळावर नही. आम्ही त्याले कधी जोडेथून देखंच नही. भाऊ म्हनेत, लांबथून."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. एवढे दिवस ज्या पक्ष्यासाठी या बाईने खाट टाकली, तो तिने कधी धड पाहिलाच नव्हता. तुम्ही घालून दिलेला नियम तिने पाळला होता, आणि तिकडे माझ्या घरी त्याचे शेकडो फोटो, कोणालाही न दाखवलेले, माझा नियम म्हणून. तुम्ही सांगून ठेवलं, मी काढून ठेवलं, आणि दोघांच्या नियमांत अक्काला ते घुबड दिसायचं राहूनच गेलं.

मी कॅमेरा काढला. जुनं कार्ड लावलं आणि पडदा अक्कापुढे धरला. तुमच्यासारखी तिने मान फिरवली नाही. जवळ ओढून घेतला, पदराने पुसला आणि पाहत राहिली. शिंगं, भुवया, नारिंगी डोळे, छातीवरच्या रेघा.

"हाऊ ते मना सासरासारखा दिखस," ती म्हणाली. "तशाच डोया वटारीसन देखे."

पिल्लांचा फोटो आला, कापसाच्या बोंडासारखी दोन पांढरी पिल्लं, तेव्हा ती पुढे वाकली. बोट पडद्यावर हळूच टेकवलं आणि म्हणाली, "शाळामा दखाड हाई. पोरेसले दखाड. आते भाऊ नही शेत, तूच सांग."

मला बोलता येत नाही, अक्का, मी म्हणणार होते. मी फळ्याकडे तोंड करून शिकवणारी बाई. पण ते मी गिळलं.

ऊन कलतं झालं. आम्ही दोघी बाभळीमागे जाऊन बसलो, कोपराला कोपर. नाल्यात सावली उतरली आणि तो आवाज आला, आत छातीत वाजल्यासारखा. मी सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला. शेजारी अक्का डोळे बारीक करून नुसतीच धडपडत होती, तिला काही दिसेना. मग मी कॅमेरा खाली घेतला, तुमची दुर्बीण बॅगेतून काढली आणि तिच्या हातात दिली. "उजवा डोळा मिटा," मी म्हटलं, "डाव्याने पाहा." पक्षी दरडीच्या टोकावर आला होता. पंख थोडे उघडून पुन्हा मिटले. तुमचा हात माझ्या दंडावर असायला हवा होता त्या वेळी. त्याच दंडाला अक्काने पकडलं, तेवढ्याच जोरात.

मी पक्ष्याकडे पाहिलं नाही, भाऊ. मी तिच्याकडे पाहिलं. दुर्बिणीखाली तिचं तोंड उघडं राहिलं होतं, एक डोळा गच्च मिटलेला, गालावर सगळ्या सुरकुत्या वर चढलेल्या. तुम्ही अगदी असेच दिसत असणार. इतकी वर्षं हेच तोंड माझ्या शेजारी असणार आणि मी एकदाही वळले नव्हते. मी कॅमेरा तिच्याकडे वळवला तर सगळं धूसर. लेन्स तेवढ्या जवळचं घेईना. मी तिचा हात दंडावरून हळूच सोडवला, आवाज न करता उठले आणि चार-पाच पावलं मागे सरले.